तुरीची चाळणी आणि तेजोमेघाचा फिल्टर

शहाणी माणसं एकत्र आली की कामं होतात, किस्से होत नाहीत. आमच्या लातूरच्या आकाश मंडळात कामं फारशी झाली नाहीत, त्यामुळे किस्से साचत गेले. मला रोजचं रोज लिहायची सवय, म्हणून ते हरवलेही नाहीत. खालचे सगळे एकाच खरेदीचे आहेत : दुर्बिणीला फिल्टर कोणता घ्यायचा?

त्या साली पाऊस नव्हताच. गावात घागरींच्या रांगा, आणि वर महिनोन्महिने ढग नाही. फोटो काढणाऱ्याला याहून चांगलं आभाळ कुठलं? पण हे बाहेर बोलायची सोय नव्हती. आमचे अध्यक्ष सुधाकरशेठ एकदा आपल्या दाळमिलच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "वा! काय आभाळ हाय!"

टँकरची वाट बघणाऱ्या बायांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढे कितीतरी दिवस शेठ आभाळाकडे तोंड मिटूनच बघायचे.

* * *

दुर्बीण शेठचीच. एकदम 'फास्ट', एफ-टू. म्हणजे साध्या दुर्बिणीला जो प्रकाश गोळा करायला तासन्‌तास लागतात, तो ही काही मिनिटांत गोळा करते. शेठचा समज वेगळा होता. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांना सांगत सुटले, "आता शनी कितीबी पळू द्या, निसटत न्हाई!"

दुर्बीण ठेवायला मात्र जागा नव्हती. एका मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता : मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, तुम्ही स्वतः काढलेला एक नीट फोटो दाखवा, किल्लारीच्या बाजूला एक सरकारी खोली रिकामी आहे, ती देतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग मावळतीला जातो. त्याआत फोटो झाला तर खोली, नाहीतर दुर्बीण कायमची शेठच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांमागे. मला त्या खोलीची फार आस होती.

* * *

लातूरच्या दिव्यांच्या उजेडात तेजोमेघ टिपायचा तर नॅरोबँड फिल्टर हवा. ही एक काचेची चकती. बाकी सगळा उजेड अडवते आणि तेजोमेघातल्या एका वायूचा ठरावीक रंग तेवढा आत सोडते. एक हायड्रोजनसाठी, एक ऑक्सिजनसाठी. प्रश्न एवढाच, की सोडायचा पट्टा किती अरुंद?

बैठक बसली. शेठ म्हणाले, "आमच्या मिलमधी चाळणी जितकी बारीक, तितका माल साफ. सगळ्यात बारीक मागवा!"

बिराजदार सर कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. ते म्हणाले, "करेक्ट! कट-ऑफ जितका टाइट, तितकी बॅच भारी."

नांदेडहून कांबळे मॅडम आल्या होत्या. विष्णुपुरीकडे राहतात, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "फास्ट दुर्बिणीत कडेचा प्रकाश फार तिरपा येतो. तिरप्या प्रकाशाला फिल्टरचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो. पट्टा आधीच अरुंद असला, तर आपल्याला हवा तो रंगच बाहेर राहील. थोडा रुंद घ्या, नाहीतर फास्ट दुर्बिणीसाठी मुद्दाम बनवलेला."

सर हसले. "मॅडम, प्रकाश सरळ रेषेत जातो. नववीच्या पुस्तकात आहे."

टाळ्या पडल्या. मग मतदान झालं. प्रकाशाचा तिरपेपणा बहुमतानं फेटाळण्यात आला!

* * *

फिल्टर आले. फोटो आला. काळाकुट्ट. मधे चार तारे, तेही रुसल्यासारखे.

शेठ म्हणाले, "दुष्काळाची धूळ हाय." सर म्हणाले, "कॅमेरा वीक आहे, बेसिक कच्चं आहे." फिल्टरला कोणी बोलेना. सगळ्यांनी हात वर करून घेतला होता ना!

उदगीरच्या पाटीलकाकांना फोटोशी देणंघेणंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात उदगीर जिल्हा होण्याचं वारं. "आमचा जिल्हा आता होऊनच राहिला," ते म्हणाले. "मंडळ वेगळं होईल. आधी वाटणी ठरवा. हायड्रोजन लातूरला ठेवा, ऑक्सिजन आम्हाला द्या."

"आन दुर्बीण?" शेठनी विचारलं.

"ती सीमेवर ठेवू."

* * *

मॅडमचं म्हणणं शेवटी शेठच्या थोडं डोक्यात शिरलं. थोडंच शिरलं, तोच घोटाळा. "कडेचा प्रकाश तिरपा येतो ना? मग कडाच झाकून टाकू!" त्यांनी जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापली, मधोमध भोक पाडलं आणि दुर्बिणीच्या तोंडावर बसवली.

कल्पना तशी वाईट नव्हती. फक्त या दुर्बिणीचा कॅमेरा मागे नसतो, पुढच्या काचेच्या मधोमध बसतो. भोक बरोबर कॅमेऱ्याच्या पाठीवर आलं! बाजूनं पुठ्ठा, मधे कॅमेरा. मुंगीला शिरायला जागा नाही.

मी म्हटलं, "शेठ, आत काहीच जाणार नाही."

"तिरपं तर न्हाई जाणार!" शेठ म्हणाले.

* * *

मृग उतरणीला लागला तेव्हा मॅडमनी स्वतःचे रुंद पट्ट्याचे दोन फिल्टर एसटीतून, डब्यात घालून आणले. एकाच बैठकीत फोटो झाला. लाल पंख, मधे निळसर गाभा. मी पाहतच राहिलो.

बिराजदार सर मान हलवत म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, रुंद घ्या." मॅडम लेन्स पुसत राहिल्या.

* * *

फोटो घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. पाणीटंचाईचे दिवस. टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. एक कानाला लावून साहेबांनी फोटो पाहिला.

"हे लाल काय?"

"हायड्रोजन," मी म्हटलं.

"आणि हे निळं?"

"ऑक्सिजन."

साहेबांनी फोन खाली ठेवला. "दोन्ही आहे? नक्की?"

"हाव साहेब, शंभर टक्के!" शेठ पुढे सरसावले.

"किती असेल?"

"लई हाय! मोजता न्हाई येत. पिढ्यान्‌पिढ्या सरायचं न्हाई!"

साहेबांनी तिथल्या तिथे किल्ली काढून दिली. शेठशी हात मिळवला. म्हणाले, "एवढ्या दिवसांत पहिली चांगली बातमी."

रविवारी आम्ही दुर्बीण जीपमध्ये घालून किल्लारीकडे निघालो. खोलीसमोर टँकर उभा. मागे घागरींची रांग, पार वळणापर्यंत. ड्रायव्हर खाली उतरला, खांद्यावरचा पाइप सावरत म्हणाला, "कवापासून थांबलोय! टँकर रिकामा हाय. साहेबांनी सांगितलं, तुमच्याकडं लई घावलंय. बोला, पाइप कुठं लावू?"