समुद्राचे साहेब आणि भीमेचा काठ

भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. वाळू उपसताना दोन्ही तालुक्यांत कमालीची एकी होती. तक्रार झाली की मात्र अलीकडचे पलीकडे बोट दाखवायचे आणि पलीकडचे अलीकडे. तोवर पात्र खोल गेलं आणि काठ ढासळू लागला. सगळ्यात आधी गेली ती आमच्या बौद्धवस्तीची स्मशानभूमी, कारण गावाने मोठ्या मनाने आम्हाला अगदी नदीला लागून जागा दिली होती.

मी शिरूरच्या एसटी आगारात कारकून. आत्या गावातच असते. एका पुरानंतर तिने फोनवर एवढंच सांगितलं, "दादाची जागा न्हाई राह्यली रं." दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जिथे अग्नी दिला, ती माती नदीत गेली होती. मी रजा टाकली आणि अर्ज लिहायला बसलो. अर्ज लिहिण्यात मी तरबेज आहे. उत्तराची वाट पाहण्यात त्याहून जास्त.

वर्षभराने उत्तर म्हणून एक साहेब आले. झिजलेले समुद्रकिनारे वाळू घालून पुन्हा कसे उभे करायचे, याचं प्रशिक्षण त्यांनी कोकणात घेतलेलं. त्यांना आमच्याकडे धाडणाऱ्याचा भूगोल पक्का असणार. ग्रामपंचायतीत त्यांनी पडद्यावर माडांची चित्रं दाखवली. पुढच्या रांगेत वाळूवाले बसले होते. त्यांना माड फार आवडले.

आत्या मागून उठली. "साहेब, हितं समुद्र कुठं हाय?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, समुद्राकाठी वाळू नदीच नेऊन टाकते. ती इथंच उपसली, की इथला काठ जातो आणि तिकडचा किनाराही."

"म्हंजी समुद्र बी उपाशी आन् आमी बी. मंग जेवलं कोण?"

पुढच्या रांगेला एकदम खोकला आला.

साहेबांनी उपाय मात्र खरा काढला. पाझर तलावात साठलेला गाळ काढायचा, काठाच्या पायथ्याला दगड रचून त्यामागे तो भरायचा आणि वर वाळ्याचं गवत लावायचं. मंजुरी मिळाली. ट्रॉल्या भरभरून निघाल्या आणि वाटेत वळून माजी सरपंचांच्या उसात रिकाम्या होऊ लागल्या. कागदावर काठ रोज वाढत होता.

चौथ्या दिवशी आत्या आणि वस्तीतल्या पाच बाया फाट्यावर, भर रस्त्यात बसल्या. मी शेजारी फाइल धरून उभा; तेवढंच मला जमतं. माजी सरपंच स्वतः आले.

"आक्का, शेतात काय आन् काठावर काय, माती गावातच ऱ्हातीय की."

"मंग आप्पा, आमची मढी तुमच्या उसात जाळू. चालंल?"

आप्पांनी ऊस पाहिला, बायांकडे पाहिलं आणि मोटारसायकल वळवली. ट्रॉलीवाल्याने कुणी न सांगताच ट्रॅक्टर नदीकडे घेतला.

पुढच्या पावसाळ्यात अर्धा भराव वाहून गेला. उद्घाटनाचा फलक त्याच अर्ध्यात होता. गावाला फार दुःख झालं. फलक लगेच नवा मंजूर झाला. जिथे वाळा रुजला होता, तेवढा काठ टिकला. साहेबांची तोवर बदली झाली होती, म्हणून उरलेली ठोंबं रविवारी आम्हीच लावली. माझी कंबर आठवडाभर धरली होती.

दिवाळीनंतर वस्तीतले एक आबा वारले. त्यांना त्या टिकलेल्या तुकड्यावर नेलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच खांदा देणाऱ्यांना पाय जपून टाकावे लागले नाहीत.