दोन्ही खांद्यांवरून

आमच्या कोचइतका मागे वळून पाहणारा माणूस साऱ्या इंग्लंडात दुसरा झाला नसेल, आणि गतकाळाशी त्यांना काडीचंही देणंघेणं नव्हतं. तरुणपणी ते उत्तरेकडच्या एका छोट्या फुटबॉल क्लबात मिडफिल्डर होते. बॉल पायाशी येण्याआधी डाव्या खांद्यावरून एकदा, उजव्या खांद्यावरून एकदा मागे पाहायचं, म्हणजे कोण अंगावर येतंय आणि कोण मोकळं आहे ते कळतं, ही तिथली शिस्त. पुढे खेळ सुटला, गुडघे गेले, केस गेले, शिस्त राहिली. ते क्रॉयडनला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा माझ्या बायकोने पुढे केलेला चहाचा कप त्यांनी दोन्हीकडे मागे पाहून मगच घेतला. "अहो," ती नंतर म्हणाली, "आपल्या घरात ह्यांना कोण टॅकल करणार होतं?" चर्चमध्ये लग्नाची अंगठी घेतानाही त्यांनी तेच केलं होतं म्हणे. "पाद्र्यांना वाटलं, हा पळायला दार शोधतोय," त्यांची बायको सांगे. उभ्या कारकिर्दीत त्यांनी दोनच गोल केले आणि दोन्हींबद्दल त्यांना संकोच वाटे. "पास द्यायला कुणी मोकळं नव्हतं," असा खुलासा ते न विचारता करत.

आम्हा पुण्या-नागपूरच्या, चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनी रविवारची टीम काढली, तेव्हा खेळ सुटल्यावर कोच होऊन व्यावसायिक खेळाडू घडवलेल्या ह्या माणसाने आमचं कोचिंग स्वतःहून मागून घेतलं. नावं जमेनात, म्हणून ते आम्हाला कामावरून हाक मारत. एक पेन्शन, एक सर्व्हर आणि मी लायब्ररी. "लायब्ररी, बॉल आल्यावर सगळेच बघतात. तू आधी बघ!" मी मात्र येणाऱ्या बॉलकडे पुस्तकात पाहावं तसा एकटक पाहत राही आणि मागून कुणीतरी तो सहज घेऊन जाई. "अरे, पान उलटतोस तेवढी तरी मान वळव!" सर्व्हर ओरडे.

मागच्या वर्षी कोच विसरू लागले. आधी दिवस, मग रस्ते. हा सीझन शेवटचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची बायको कुंपणाशी येऊन मला हळूच म्हणाली, "तुझ्याकडून एक धड पास करून घ्यायचाय त्याला. जेवतानाही तेच बोलतो."

शेवटच्या सामन्यात आम्ही चार गोलांनी मागे होतो. पेन्शनने बॉल माझ्याकडे ढकलला आणि कसं कोण जाणे, मी आधी मागे पाहिलं. डावीकडून एक धिप्पाड गडी येत होता, उजवीकडे सर्व्हर मोकळा होता. मी वळलो, पास दिला. सर्व्हरने तो गोलच्या बराच वरून झुडपात घातला. पण कडेला कोच दोन्ही हात वर करून उभे होते. सामना संपल्यावर मी धावत त्यांच्याकडे गेलो. ते माझ्याकडे कौतुकाने पाहत बायकोला म्हणाले, "हा नवा कोण आहे? ह्याला सोडू नका."

गेल्या महिन्यात ते गेले. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारात एका बाईंनी प्रार्थनेचा छापील कागद माझ्यापुढे धरला. तो घेण्याआधी माझी मान आपोआप वळली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मागे काळ्या कोटांत आमची सगळी टीम रांगेत उभी होती, आणि त्यांतला प्रत्येक जण मागे वळून पाहत होता.