पाठ केलेले स्वानुभव

मुलांना निबंध लिहायला कसं शिकवावं, हे आम्हा शिक्षकांना शिकवण्यासाठी अमरावतीला तीन आठवड्यांचा एक वर्ग भरला होता. एकोणीसशे साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर फळ्यावर निबंध लिहून देत होते. पोरींनी तो उतरवून घ्यायचा, घोकायचा आणि परीक्षेत ओकायचा. चाळीस वह्यांमध्ये चाळीस वेळा तोच सूर्य 'पूर्व दिशेला उगवला' की मी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारायची. म्हणून वर्गाचं पत्र आलं तेव्हा मी खरंच आनंदाने गेले. आता त्या आनंदाची लाज वाटते.

आमचे मार्गदर्शक सर पुण्याकडून आलेले. धोतर पांढरंशुभ्र, उच्चार त्याहून स्वच्छ. आमच्यातलं कुणी 'मले वाटते' म्हणालं की ते डोळे मिटून घ्यायचे, जणू कुणी त्यांच्या पायावर पाय दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मुलांना स्वतःच्या अनुभवावर, स्वतःच्या शब्दांत लिहू द्या." मी मान वर केली. एवढ्यात ते म्हणाले, "घ्या लिहून. स्वतःच्या, शब्दांत, पूर्णविराम." आणि आम्ही पन्नास मोठी माणसं खाली माना घालून ते वाक्य उतरवून घेऊ लागलो. तीन आठवडे हेच चाललं. स्वतंत्र विचार कसा करावा, याचे मुद्देसुद्धा त्यांनी आकडे घालून सांगितले, आणि शनिवारी ते मुद्दे पाठ आहेत की नाहीत याची परीक्षा घेतली.

माझ्या शेजारी मूर्तिजापूरकडचे एक वयस्क गुरुजी बसायचे. माझा चेहरा बघून एकदा ते हळूच म्हणाले, "बाई, काहून जीव जाळून राहिल्या तुमी? हे हत्तीचे दात हायेत. दाखवायचे येगळे अन् खायचे येगळे. मुंडी हालवा अन् घरी चाला." मला त्यांचाही राग आला. निदान मी तरी तशी नाही, असं मला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे नमुन्याचा पाठ द्यायला सरांनी मला निवडलं. जवळच्याच शाळेतल्या सातवीच्या मुली, विषय 'आमच्या घरची सकाळ'. पाठ चांगला झाला तर अकोल्याला पुढचा वर्ग भरेल त्याची मार्गदर्शक मी होणार, असं सरांनी सुचवलं. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

"मुली स्वतःच लिहितील," सर म्हणाले, "पण तयारी आधी करून घ्या. साहेबांसमोर धोका नको. आणि सगळ्यांचं एकसारखं दिसता कामा नये."

मग मी जे केलं ते कुणा परक्याने केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. मी सहा वेगवेगळ्या सकाळी तयार केल्या. वर्गात सहा रांगा होत्या, दर रांगेला एक स्वानुभव. पहिल्या रांगेला तुळशीची पूजा करणारी आई, दुसरीला भूपाळी म्हणणारे आजोबा, चौथीला गोठ्यातली गाय. तीन दिवस मी त्या पोरींकडून त्यांचे अनुभव पाठ करून घेतले. चौथ्या रांगेतली एक बारकी पोरगी उभी राहिली. "बाई, आमच्या घरी गाय नाई. माही माय जिनात जाते, कापसातली सरकी काढाले."

"आहे असं समज," मी म्हणाले.

तिने समजून पाहिलं असणार. शेवटच्या दिवशी साहेब खुर्चीवर, सर दाराशी, मी मुलींमधून फिरत होते. सगळ्यांचे टाक भराभर चालले होते. हिचा मात्र थांबत थांबत. मी वाकून वाचलं.

"माय भोंग्याच्या आधी जिनात जाते. मी भाकरी करते. भाकरी करपली की भाऊ रडतो. संध्याकाळी मायच्या केसात रुई असते. ती म्हातारी दिसते. मी रुई काढते. मग ती माही माय दिसते."

पंधरा वर्षांच्या नोकरीत असं काही माझ्या हाती आलं नव्हतं. मी तीन आठवडे, नव्हे, पंधरा वर्षं याचीच वाट पाहत होते. ती वही उचलावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी, एवढंच करायचं होतं. मी हात पुढे केलाही होता. पण साहेब उठून आले आणि त्यांनीच ती वही घेतली. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"विषय सकाळचा ना? ही संध्याकाळीत कुठे शिरली?"

सरांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसून म्हणाले, "ही जरा कच्ची आहे, साहेब."

साहेबांनी वही ठेवली, पुढच्या मुलीची उचलली. गाय वाचून ते खूश झाले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं की मुलींचं लेखन उत्स्फूर्त आहे. सरांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला आणि पन्नास शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मला त्या टाळ्यांची किळस आली, आणि त्या घेत उभ्या असलेल्या माझीही.

चहापानाला सगळे बाहेर गेले तेव्हा ती पोरगी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"बाई, माह्यं चुकलं का?"

आता तरी ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. खरं बोलायला मला कुणाची भीती नव्हती.

"हो," मी म्हणाले. "खोडून टाक."

ती तिथेच जमिनीवर बसली. पट्टी घेतली, टाक दौतीत बुडवला आणि पहिल्या ओळीवर, 'माय' या शब्दावरून, रेघ ओढायला लागली. पट्टी सरकत होती, रेघ वाकडी जात होती. मी वरून पाहत होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "रेघ सरळ मार."