मामंजींनी घेतलेली नावं

माझे सासरे ताजवर जन्माचे भित्रे. वरून दगड घरंगळला की ते आधी दाराआड. नदीवरचा लाकडी पूल ओलांडताना डोळे मिटायचे आणि पुढच्याची बाही धरायचे. पोरं हसायची, मीही हसायचे. पण चीज त्यांच्यासारखं आमच्या खोऱ्यात कोणी करत नसे. उन्हाळाभर ते शेळ्या घेऊन वरच्या कुरणात असत. तिथे बाईने पाऊल ठेवायचं नसतं, त्यामुळे ते कुरण मी कधी पाहिलेलं नाही.

त्या वसंतात पलीकडच्या आळीतल्या जलीलने, आमच्याच भाऊबंदाने, कुरणावर हक्क सांगितला. असा तंटा मिटवायची आमची रीत जुनी आहे. आपल्यापासून सुरुवात करायची आणि बाप, आजा, पणजा असं चढत, तिथे पहिल्यांदा शेळ्या नेणाऱ्या पूर्वजापर्यंत नावं सांगायची. मधलं एक नाव गळलं की कुरण गेलं.

त्या वेळी मात्र बैठकीला खालून आलेले बंदूकवाले बसणार होते. शेजारच्या खोऱ्यात त्यांनी एकाला पूर्वजाची लाकडी मूर्ती ठेवली म्हणून नेलं होतं. तो परत आलेला नव्हता.

"बाबा, वरची काफिरांची नावं बदलून सांगा," माझा नवरा म्हणाला. "मेलेले काय भांडायला येणारेत?"

"मेलेले नाही येणार. जलील येईल. त्यालाही तीच पाठ आहेत."

"मग जाऊच नका."

"आणि हिवाळ्यात पोरांना काय, माझी दाढी खायला घालू?" मामंजी म्हणाले आणि चहाचा पेला खाली ठेवला.

बैठक खालच्या घराच्या सपाट मातीच्या छपरावर भरली. मी आमच्या छपरावर गेल्या सालचे सुके जर्दाळू निवडत असल्याचं सोंग करून ऐकत होते.

मामंजी उभे राहिले. बाप, आजा, पणजा. पणज्याचं नाव मोहम्मद, घराण्यातला पहिला मुसलमान. तिथे ते थांबले. जलील मान खाली घालून बसला होता.

"त्याचा बाप कोण?" बंदूकवाल्यांच्या म्होरक्याने गोड आवाजात विचारलं.

"चंडलू," मामंजी म्हणाले. "त्याचा बाप समटू. त्याचा बाप गुमारा. त्याचा बाप बिलीझ. त्याने त्या कुरणात गीश देवाला बोकड कापला आणि शेळ्या सोडल्या."



म्होरक्याने जलीलकडे बघितलं. "तुझे कोण?"

"मोहम्मदच्या वरचं मला काही आठवत नाही," जलील म्हणाला.

म्हाताऱ्या पंचांनी कुरण आमचं ठरवलं. म्होरक्या हसला. "चाचा, पाठांतर छान आहे. चल, खाली आमच्या लोकांनाही ऐकव."

त्यांनी मामंजींचे हात मागे बांधले. नवरा धावला, त्याला बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. मी छपराच्या कडेला बसून राहिले.

पुलापाशी मामंजी थांबले. हात बांधलेले, बाही धरणार कुणाची? कोणीतरी मागून ढकललं. ते एकटेच पूल चालून गेले.

शेळ्या त्या वर्षीही नवऱ्याबरोबर वर गेल्या, चीजही आलं. तेव्हापासून ते मीठ कमी पडल्यासारखं लागतं. पुलाकडे पाठ करून मी आजही जर्दाळू निवडू शकत नाही.