म्हातारीची पाठ

टेकडीवरच्या त्या वाकलेल्या दगडाला सगळं गाव ‘म्हातारीची पाठ’ म्हणतं. दोनशे वर्षांपूर्वी शत्रूनं गाव पेटवलं, तेव्हा म्हणे एका म्हातारीनं कोसळता कडा पाठीवर तोलून धरला, खालून एकेचाळीस पोरं निसटली आणि ती तशीच दगड होऊन राहिली. म्हातारीचं खरंखोटं कोण जाणे, पण पोरं खरी होती. वाचलेल्यांनी दगडाच्या पोटाशी मोजून एकेचाळीस रेघा कोरल्यात. त्या रेघांपायीच सरकारनं दगड वारसा म्हणून जपायला घेतला.

जपायला म्हणजे काय, तर एक रखवालदार ठेवला. लोक त्याला खरवड्या म्हणतात, कारण गेली आठ वर्षं तो दुसरं काही करतच नाही. सकाळच्या गारव्यात यायचं, बर्फाचा खडा दाबून दगडावरचे च्युइंगमचे गोळे कडक करायचे आणि लाकडी पट्टीनं एकेक उचकटायचा. लोखंड लावायला मनाई. गुलाबी गोळे, हिरवे गोळे, दातांचे ठसे उमटलेले, एखाद्यात केस अडकलेला. शी! माणसाच्या तोंडातून इतकी घाण निघते हे त्याला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. घरी बायको म्हणायची, “अहो, तीनदा हात धुवा, मगच ताटाला शिवा.” चार वर्षांच्या नातीच्या गालाला तर तो अजून बोट लावू शकला नव्हता.

आणि बोंब मारायची तरी कुणाच्या नावानं? हे लचांड त्यानंच गळ्यात घेतलेलं.

आठ वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, एका पोरानं चघळलेला गम थेट दगडावर चिकटवला. त्याची आई बिचारी शरमेनं अर्धी झाली. तिला मोकळं करावं म्हणून खरवड्या हसत म्हणाला, “असू दे ताई. म्हातारीला दात कुठायत? तिला चघळलेलंच लागतं. दिलंत, आता मागा काय हवं ते!” बाईनं नवऱ्याला नोकरी मागितली. बोलाफुलाला गाठ पडली, महिन्याभरात नवरा कामाला लागला आणि बाई पेढ्यांऐवजी गम चघळणाऱ्या चार मैत्रिणी घेऊन आली. झालं! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

किळस एक वेळ सोसली असती. पण प्रत्येक गोळा निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन निघायचा, आणि लोकांना नेमकं रेघांवरच चिकटवायचं असायचं. एकेचाळिसातल्या एकोणतीसच आता बोटाला लागत होत्या. तो रोज मोजायचा. मोजताना त्याला स्वतःचीच शिसारी यायची.

शेवटी वारसा खात्याचे साहेब पाहणीला आले, तेव्हा त्यानं मनाचा हिय्या केला. “साहेब, ती थाप आहे. मी मारलेली. तसा फलक लावा.”

साहेबांनी गाडीतून नवा फलकच काढून दाखवला. त्यावर छापलं होतं, ‘चघळलेला पदार्थ अर्पण करण्याची प्राचीन लोकश्रद्धा’.

“प्राचीन?” खरवड्या ओरडला. “अहो, आठ वर्षं झालीत!”

“पुस्तकात आलंय आता,” साहेब म्हणाले. “तुम्ही आपलं खरवडा.”

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारची रांग लागलेली. तो दगडासमोर आडवा उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “ऐका रे! हे सगळं खोटं आहे! मी गंमत केली होती! म्हातारी काही देत नाही! थुंकी लावून तुम्ही त्या पोरांच्या खुणा पुसताय!”

रांगेतून एक आजी पुढे आल्या. डोळे भरलेले. “तुम्हाला वाटतं तेव्हा ते तुम्ही बोललात,” त्या म्हणाल्या. “अहो, तुमच्या तोंडून तीच बोलली.”

“बाई गं!” मागून कुणीतरी म्हणालं. “म्हणजे पहिल्यांदा तिनं यांनाच सांगितलं!”

खरवड्यानं कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! इतक्यात एका बाईनं तोंडातला गोळा काढून त्याच्यासमोर धरला. ओला, लाळेची तार लोंबणारा. “मुलगा दवाखान्यात आहे, बाबा. तुमच्या हातानं लावा ना. तुम्ही म्हणाल तिथं.”

तो दोन पावलं मागे सरला. “दूर व्हा” हे शब्द जिभेवर होते. पण तिचं शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात अडकलं. तुम्ही म्हणाल तिथं. त्यानं रांगेकडे पाहिलं, मग पोटाशी उरलेल्या एकोणतीस रेघांकडे.

“रेघांना हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “तिला... तिला ते चालत नाही.”

“नाही लावणार, बाबा,” सगळी रांग एका सुरात म्हणाली.

त्यानं दोन बोटांत तो कोमट गोळा घेतला, दगडाच्या पार मागच्या टोकाला गेला आणि डोळे मिटून दाबला. वळून पाहतो तो रांगही त्याच्या मागोमाग आलेली, आणि प्रत्येकानं तोंडातला गोळा तळहातावर काढून हात पुढे केलेला.