तेहतीस नंबरचा फॉर्म

एमएच्या शेवटच्या वर्षाला मला चाळीस बायका हव्या होत्या. नव्या इमारतींत राहायला आलेल्या, दिवसा घरी असणाऱ्या आणि माझ्या प्रश्नावलीतल्या वीस प्रश्नांवर खुणा करायला तयार असलेल्या. प्रबंधाचा विषय होता एकटेपणा. तो मीच निवडला होता. निवडताना दारोदारी बेल मलाच वाजवावी लागेल, हे काही लक्षात आलं नव्हतं.

आम्ही माणिकपूरला राहायचो. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं म्हणजे मी आधी मनात वाक्य जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत समोरचं दार बंद व्हायच्या बेतात असायचं. एका बाईंनी साखळी न काढता फटीतूनच सांगितलं, की आमच्याकडे पाच वर्षांखालचं कुणी नाही. मी पोलिओचे डोस घेऊन आलेली नाही, हे सांगायला मला शब्द सुचले ते दोन जिने उतरल्यावर.

तरी आईच्या ओळखीपाळखीतून एकतीस फॉर्म भरून झाले. मग ओळखी संपल्या. प्रबंध द्यायचा दिवस जवळ आला, तेव्हा एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून उरलेले नऊ फॉर्म मी स्वतःच भरले.

पेनं बदलली. कुठे बरोबरची खूण केली, कुठे फुली, कुठे नुसता गोल. एक बाई सांगलीची केली, एक दापोलीची. एकीला जुळी मुलं दिली. वाईट वाटायला हवं होतं, पण त्या वर्षातली ती माझी सगळ्यात बरी दुपार होती. तेहतीस नंबरच्या बाईला मी जरा जास्तच वेळ दिला. फॉर्मच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ अशी जागा होती. बहुतेक खऱ्या बायकांनी ती कोरीच सोडली होती. हिच्या फॉर्मवर मी लिहिलं, ‘दुपारी शेजारच्या घरात फोन वाजतो. तो थांबेपर्यंत मी हातातलं काम थांबवते.’

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी गठ्ठा भराभर चाळला आणि नेमक्या तिथेच थांबल्या. पुढचा टप्पा मुलाखतींचा होता. ज्यांच्या उत्तरांना सर्वांत जास्त गुण, म्हणजे ज्या सर्वांत एकट्या, अशा पाच जणींच्या मुलाखती घ्यायच्या होत्या.

“हिच्यापासून सुरुवात कर,” मॅडम म्हणाल्या. “कुठे राहते ही?”

जूचंद्रला, असं मी सांगितलं. तोंडाला आलं ते. मग त्यांनी इमारत विचारली आणि मी टेबलावरचे फॉर्म सरळ करायला लागले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“ही बाई खरंच आहे ना?”

नाही म्हणाले. असे किती, असं त्यांनी विचारलं. नऊच्या नऊ फॉर्म मी गठ्ठ्यातून काढून दिले. त्या रागावल्या नाहीत. आठवडाभरात नऊ खरे आण, नाहीतर मी सही करणार नाही, एवढंच म्हणाल्या. सही नाही म्हणजे वर्ष गेलं. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, “फोनचं कुठून सुचलं तुला?”

“असंच,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जूचंद्रला गेले. गावाच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या, निम्म्या खिडक्यांना अजून पडदे नव्हते. त्या आठवड्यात आठ फॉर्म कसेबसे मिळाले. नववं दार एका मध्यमवयीन बाईंनी उघडलं. दार उघडून त्या परत पुढ्यातल्या पेपरवर पालक निवडायला बसल्या.

“बस गो. उभ्याने कसले प्रश्न विचारतेस?”

त्यांचे हात ओले होते म्हणून मीच प्रश्न वाचत गेले आणि खुणा केल्या. बोलायला कुणी नाही असं वाटतं का? कधीच नाही. दिवस लांब वाटतो का? कधीच नाही. विसाच्या वीस तसंच. मध्ये एकदा हसून म्हणाल्या, “एकटं वाटायला वेळ कुठे असतो गो बाईमाणसाला?” कोऱ्या जागेत काय लिहू विचारलं, तर काही नाही म्हणाल्या. पाच मिनिटांत फॉर्म संपला.

मग त्यांनी चहा टाकला. माझ्या घरी कोण कोण आहे, आई आज जेवायला काय करणार आहे, मला मासे साफ करता येतात का, सगळं विचारलं. पालक निवडून संपला, तरी त्या पेपरवरची देठं गोळा करत बसल्या. मी उठले तशा दारापर्यंत आल्या.

“परत कधी येशील?”

फॉर्म झाला, आता यावं लागणार नाही, असं मी सांगितलं.

“मग दुसरे प्रश्न घेऊन ये. काहीपण विचार. दुपारची मी मोकळीच असते.”

जिन्यात मी फॉर्म काढला. कोऱ्या जागेत हे लिहावं, असं फार वाटलं. पण त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या मनाचं लिहून एकदा झालं होतं. फॉर्मवर तेहतीस नंबर घातला आणि पिशवीत ठेवला.

चाळिसांत सर्वांत कमी गुण त्यांचे आले. मुलाखतीच्या यादीत त्यांचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. पाच दुसऱ्या जणींशी मी बोलले, मॅडमनी सही केली, वर्ष वाचलं. निकालानंतर एकदा जाऊन यायचं मी ठरवलं होतं. दोनदा ठरवलं. पण हातात कागद नसताना त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला जुळवता आलं नाही, आणि मी गेले नाही.