रिकामी मांडी

बाईंनी माझं चित्र खिळ्यावरून काढलं आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवलं. सगळ्यांसमोर.

पांढुर्ण्यातल्या एका खाजगी शाळेत मी चित्रकला शिकवायची. शाळेत आईवरच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची बायको.

"शी! तुमच्या लोकाईले सारं उघडं मांडाची सवयच आहे."

तुमच्या लोकाईले. हॉलमध्ये कुणालाच त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

चित्रात मीच होते. खाटेवर बसलेली. ब्लाउज दुधानं ओला, मांडी रिकामी.

माझी मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. नवरा तिला पुरून आला, तरी माझं दूध थांबेना. छाती दगडासारखी. खाली टाके ओले. सासूनं जुन्या लुगड्यानं छाती आवळून बांधली. म्हणाली, "रडू नको बाई. रडलं का अजून येते."

शेजारणीचं बाळ रडलं की मला पान्हा फुटायचा. त्या बाळाचा राग यायचा. एकदा वाटलं, जाऊन त्याचं तोंड दाबावं. खरंच वाटलं. हे कुणाला सांगणार? दोन वर्षांनी कागदावर काढलं.

मुख्याध्यापक जवळ आले. हळूच म्हणाले, "मॅडम, एखादं यशोदा-कृष्णाचं काढून द्या ना. पाहुणे येऊनच राहिले."

मी हो म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण म्हटलं. नोकरी होती.

वर्गात जाऊन कागद लावला. बाळकृष्णाचे गाल काढायला घेतले. गोल, भरलेले. आणि हात थांबला. माझ्या मुलीचे गाल कसे होते, मला आठवेना. तीनच दिवस पाहिले होते.

कागद फाडला. हॉलमध्ये गेले. माझं चित्र उचललं, त्यावरची धूळ झटकली, खिळ्यावर लावलं.

बाई ओरडल्या, "काढ ते!"

"नाही काढत. आई अशीबी असते."

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

गेले नाही. आता घरीच काढते. फाटलेलं, सुजलेलं, रडून संपलेलं. आजवर चित्राखाली नुसतं नाव लिहायची. आडनावावरून जात कळते, म्हणून ते मुद्दाम गाळायची.

आता आडनाव आधी लिहिते. मोठ्या अक्षरात.